तू विचारलं होतंस, कोणाला देता येईल का

प्रिय सुले,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे मेसेज तसेच पडलेत, 'जिवंत आहेस का' वाला पण. आहे. टाके भरले, बीपी उतरलं, झालं माझ्या तब्येतीचं. पोरगी २९ व्या आठवड्यातच आली, १०८० ग्रॅम, आता घरी आहे आणि झोपेत अगदी तुझ्यासारखी घोरते.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही.

पहिले काही दिवस मला दूधच येईना. दिवसरात्र मिळून ८ वेळा पंप लावायचा आणि तळाला चिकटलेले चार थेंब सिस्टर सिरिंजमध्ये ओढून घ्यायची, तेवढेच तिच्या गालाला आतून लावायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले डोनर मिल्क सुरू करू, इथे सही करा. मी म्हटलं पावडरचं नाही का चालणार? तर ते खुर्ची ओढून बसले आणि नीट सांगितलं, की इतक्या लहान बाळाचं आतडं कच्चं असतं, पावडरच्या दुधावर त्याला सूज येऊन आतडं सडायचा धोका जास्त, एनईसी म्हणतात त्याला, आणि बाईच्या दुधावर, मग ते दुसऱ्या आईचं का असेना, तो कमी. सही केली. मग बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण मला राग आला होता, जिला बघितलंही नाही त्या बाईचा.

दर २ तासांनी १ मिली, नळीतून. मी सिस्टरकडून सगळं काढून घेतलं, उगाच नाही तू मला फौजदार म्हणायचीस. देणारीचं रक्त तपासतात, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस. दूध ६२.५ डिग्रीवर ३० मिनिटं ठेवतात, झटकन गार करतात, जंतू उरलेत का बघायला कल्चरला लावतात आणि उणे २० ला गोठवून ठेवतात, रिपोर्ट स्वच्छ आला तरच बाळापर्यंत पोचतं. तापवल्यावर त्यातल्या जिवंत पेशी मरतात, म्हणून पहिला मान आईच्या दुधाचाच, हे आपलं ते येईपर्यंत. मग मी विचारलं, पण देतं कोण? सिस्टर म्हणाली, ज्यांना बाळाला पुरून उरतं त्या. थोडं थांबून म्हणाली, काही अशाही असतात ज्यांचं बाळ राहिलेलं नसतं.

सुले, मी तिथेच भिंतीला टेकले.

तेव्हा चौथ्या दिवशी तुझा कुर्ता भिजला होता आणि तू मला विचारलंस, हे कोणाला देता येईल का गं? आणि मी म्हटलं, वेडी आहेस का, कोण घेईल, गोळी घे आणि मोकळी हो. मला वाटलं मी तुला सावरतेय. नंतर सहा महिने तू बोलली नाहीस आणि मी इतकी वर्षं धरून चालले की ते डिपॉझिटवरून होतं. (डिपॉझिटच्या बाबतीत चूक तुझीच होती, ते मी आजही सोडणार नाही.)

कोण घेईल म्हणे. मी घेतलं. ११ दिवस माझी पोरगी त्यावर वाढली. आणि अशा दुधाच्या बँका तेव्हाही होत्या गं, व्हिएन्नात १९०९ ला निघाली, सायन हॉस्पिटलात १९८९ ला, आशियातली पहिली. मला माहीत नव्हतं हे खरं, पण मी कुणाला विचारलंही नाही, तुझ्यासाठी एक फोनसुद्धा केला नाही. तू काय विचारत होतीस ते मला आत्ता कळलं. तुला ते सुकवायचं नव्हतं. माफ कर असं लिहायला घेते आणि खोडते, फारच छोटं वाटतं ते.

आता मला भरपूर येतंय. मंगळवारी रक्त देऊन आले, रिपोर्ट आला की मी पण देणार. पहिल्यांदा जाईन तेव्हा तू सोबत येशील का? नाही म्हणालीस तरी चालेल, खरंच.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंचा गुडघा? फोन नको करूस, मला बोलता येणार नाही. लिही.

तुझीच,
वैजू