ताटी उघडी ठेवून

पुणे,
एप्रिलअखेर

तीर्थरूप आई आणि नाना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा आणि आपल्याकडचं ऊन, दोघांनी मिळून तुम्हाला घरात बसवलंय. भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की सकाळी दहापासून दार लोटलेलं, गल्लीत चिटपाखरू नाही. भजनी मंडळातले निम्मे लोक मुलांकडे पुण्या-सुरतेला. आईचा प्रश्न असा, की देवळाची पायरी चढता येत नाही तर घरात एकटीनं म्हटलेलं पोचतं का? त्यावर नानांचा मास्तरी प्रश्न, पोचतं याला पुरावा काय? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी नानांचं. २००१ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास आला. २३ जणांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण बारा ते वीस वेळा घेतो. रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणाही त्या लयीत जास्त चोख चालली. मोजली ती लय, श्रद्धा नव्हे.

दुसरी बाजूही ऐका. २००६ मध्ये अमेरिकेत बायपासच्या १,८०२ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अनोळखी लोकांनी काहींसाठी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. कुणासाठी चाललीय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं, तिथे गुंतागुंत ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे सारखीच. ज्यांना 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असं पक्कं सांगितलं, त्यांच्यात ५९ टक्के. तेव्हा नाना, जपाच्या भरवशावर मधुमेहाची गोळी चुकवायची नाही. प्रार्थनेचा जो गुण मला खात्रीनं सांगता येतो, तो म्हणणाऱ्याच्या दिवसावर होणारा. एकट्या माणसाच्या दिवसाला तर त्याची फारच गरज असते.

आता आई, तुझं. मुक्ताईच्या मुलखात राहून तू हे विचारावंस! ज्ञानोबा जगाला विटून झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा दाराबाहेर उभं राहून त्यांना हाक मारणारी मुक्ताईच. एकांतात बसणं वेगळं आणि ताटी लावून घेणं वेगळं, हे त्या ताटीच्या अभंगांतून जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही. देवळाचं म्हणशील, तर २०२० च्या आषाढीला, कोरोनाच्या साथीत, मुक्ताईची पालखीसुद्धा एसटीनं मोजक्या वारकऱ्यांसह पंढरपूरला गेली. एरवी ती महिनाभराहून जास्त पायी चालते. त्या वर्षी घरोघरी हरिपाठ झाला आणि वारी चुकली असं कुणी म्हटलं नाही.

धुळ्याच्या तुरुंगाचंही आठवा. १९३२ मध्ये विनोबांनी तिथे कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवार, अठरा अध्याय. तुरुंगात वेळेला तोटा नव्हता, तरी आठवड्याला एकच. थोडं आणि ठरलेल्या वेळी, हे त्यातलं घेण्यासारखं.

म्हणून अकरा माळांचा संकल्प करू नका. तो चौथ्या दिवशी मोडतो, मग मोडल्याची खंत होते आणि खंतीपायी उरलेलंही सुटतं. एक माळ, पण वेळ तीच.

माळ अशी. आईनं खुर्चीत बसावं, पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट. मांडी घालण्याचा हट्ट नको. सावकाश श्वास सोडताना 'रामकृष्णहरी' तीनदा, मग शांतपणे श्वास आत. एका आवर्तनाला दहा सेकंद लागतात, १०८ मण्यांना ३६ श्वास, म्हणजे सहा मिनिटं. माळ दोन मिनिटांत संपली तर घाई झाली असं समजा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणी सोडून द्यायची आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा. मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची, हे तुम्हाला माहीतच आहे.

बोटं आखडली असतील त्या दिवशी करमाळ. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवून सुरुवात, मग तिचं खालचं पेर. पुढे करंगळीचं खालचं, मधलं, वरचं; अनामिकेचं वरचं; मधल्या बोटाचं वरचं; शेवटी तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. झाले दहा. मधल्या बोटाची राहिलेली दोन पेरं हा मेरू. दहाचा हिशेब डाव्या हातावर धरायचा, दहा वेळा झालं की वर आठ.

वेळा उन्हाप्रमाणे लावा. मोठ्यानं म्हणायचं ते पहाटे साडेपाचला, गार हवेत, आधी भांडंभर पाणी पिऊन. हरिपाठाचे २७ अभंग टाळावर ध्रुपदासह म्हणायला पाऊण तासाच्या वर लागतो, आणि तेवढा दम दोघांनाही नाही. रोज नऊ म्हणा, तिसऱ्या दिवशी हरिपाठ पुरा होतो. एकानं चरण, दुसऱ्यानं ध्रुपद. एकट्यानं म्हणायची वेळ आली तरी आवाज काढूनच म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं तिसऱ्या चरणाला कोथिंबिरीच्या भावावर जातं. गेलं तर गेलं, ज्या चरणावर भान आलं तिथून पुढे. पहिल्यापासून पुन्हा सुरू करायची शिक्षा स्वतःला देऊ नका, त्यानं नुसता वैताग येतो.

दुपारी दोन ते चार हा खरा कठीण काळ. झोप धड लागत नाही आणि मन नको तिथे फिरतं. तेव्हा गाणं नको, घसा कोरडा पडतो. माळ तेव्हाच करा, नाहीतर गीताईतला एखादा छोटा अध्याय वाचा. बारावा आणि पंधरावा वीस-वीस श्लोकांचेच आहेत. मोबाइलवर दिवसभर भजनं लावून ठेवणं मात्र यात धरू नका. चार दिवसांत ती कूलरच्या घरघरीसारखी होतात, कानावर पडतात पण ऐकू येत नाहीत.

सातच्या सुमाराला दिवेलागण. समई कूलरच्या झोतात ठेवू नका, वात फडफडून तेल सांडतं. पितळी ताटात थोडी वाळू घालून तीवर ठेवा. नानांचा खोकला पाहता बंद खोलीत उदबत्ती आणि कापूर दोन्ही नकोत. लावायचीच तर उदबत्ती ओट्यावरच्या तुळशीपाशी. आईनं आरतीला उठताना आधी खुर्चीचा हात धरून मिनिटभर उभं राहायचं आणि पदर खोचायचा. आणि या वेळी दार सताड उघडं ठेवायचं. शेजारच्या काकू एकट्याच असतात, त्यांना ओट्यावर बोलवा. तिघांचं शुभंकरोती पाच मिनिटांत होतं, नंतर अर्धा तास गप्पा होतात. त्या गप्पाही मी प्रार्थनेतच धरते. नाना हसतील, हसू देत.

मागण्याविषयी एक सांगायचंय, कारण एकटेपणात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. 'पोरांना सांभाळ' असं म्हणता म्हणता अपघात, नोकरी, आजारपण अशी यादी सुरू होते आणि प्रार्थना म्हणजे हात जोडून केलेली काळजी होऊन बसते. उठताना छातीत धडधड जास्त. यावर तोड अशी, की एका दिवशी एकच नाव. कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहून ठेवा: सोमवारी मावशी, मंगळवारी धुळ्याचे मामा, बुधवारी काकू, असं. त्या नावासाठी एकच वाक्य म्हणा, तेही नेमकं. 'सगळं चांगलं कर' यापेक्षा 'मामांना आज झोप लागू दे' बरं. आणि त्याच दिवशी त्या माणसाला दोन मिनिटं फोन. मामांना झोप लागली की नाही ते तेवढ्यात कळतं.

रविवारी आपण सगळे फोनवर जमून हरिपाठ म्हणू. पण एकसुरात म्हणायला जाऊ नका. फोनवर आवाज जरा उशिरा पोचतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं दुसरा मागे पडतोय, सगळे थांबत जातात आणि तिसऱ्या चरणाला ताल मोडतो. एक अभंग एकानं म्हणायचा, बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवायचा, मग पुढच्यानं. टाळ फोनपासून हातभर लांब, नाहीतर शब्दच कळत नाहीत.

एकादशीचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी घेतली तर साखर एकदम खाली येऊ शकते, आणि पोटभर साबुदाणा खाल्ला तर वर चढते. ज्येष्ठातली निर्जला ऐन उन्हात येते. ती तर अजिबात नको.

आणखी एक. सलग दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, हरिपाठातही मन रमत नाही, उगाच रडू येतं, असं दोघांपैकी कुणाचंही झालं तर तो भक्ती कमी पडल्याचा दोष मानू नका. ते दुखणं आहे, त्याला औषध असतं. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फ्रिजवर लिहून ठेवा. आधी मला सांगितलंत तर बरंच.

कुरिअरनं तुळशीची माळ पाठवलीय. मणी मुद्दाम मोठे घेतलेत, आईच्या बोटांना सापडतील असे. दोरा नवा आहे, पहिले काही दिवस गाठी घट्ट लागतील, ओढू नका. नानांचा चष्म्याचा नंबर कळवा, मोठ्या अक्षरांची गीताई शोधतेय. श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना येतेच आहे. तोवर गुडघ्याचे व्यायाम चालू ठेव आई, रोट भाजायला मी एकटी पुरणार नाही.

तुमची लेक