माऊसच्या खोक्यावर सेन्सरची जागा छापा

संपादक महोदय,

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीच्या कामात माझी एकोणीस वर्षे गेली. भोक कुठे आहे हे ड्रॉइंगवर लिहिलेले नसेल तर आम्ही तो भाग तपासायलाच घेत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. विषय माझ्या अकरावीतल्या लेकीच्या माऊसचा आहे, पण तो इतर घरांतही असणार.

ती व्हॅलोरंट हा संगणकावरचा नेमबाजीचा खेळ खेळते, कॉलेजच्या संघातून. जूनमध्ये जुन्या माऊसचे बटण गेले, म्हणून महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून नवा घेतला. आकार जवळपास तोच, डीपीआय (माऊस एक इंच सरकला की तो किती टप्पे मोजतो तो आकडा) तोच 800, गेममधली सेटिंगही तीच. तरी तिचा निशाणा रोज लक्ष्याच्या अलीकडेच थांबायला लागला. आठ दिवसांत ती संघातून राखीव खेळाडूंत गेली. दुकानदाराने माऊस परत घेतला नाही. ‘मुलींचा हात लहान असतो, सवय होईल,’ एवढेच म्हणाला. आणि मी घरी काय केले? रात्रीचे जागरण बंद कर म्हणून तिलाच रागावले. त्याची खंत मला अजून आहे.

एका रविवारी तिने दोन्ही माऊस उलटे करून माझ्यासमोर ठेवले. खालच्या बाजूला सेन्सरचे छोटे भोक असते. आतला दिवा खालचा पृष्ठभाग उजळतो, सेन्सर त्याची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि एका चित्रापासून दुसऱ्यात काय सरकले त्यावरून हालचाल ठरवतो. मी व्हर्निअर लावला. जुन्याचे भोक पुढच्या कडेपासून 58 मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ मध्यावर. नव्याचे 73 वर. तब्बल 15 मिलिमीटर मागे, मनगटाच्या बाजूला.

याने फरक पडतो हे मला लगेच पटले, कारण मनगट टेकवून माऊस फिरवला की तो सरळ जात नाही, कंसात फिरतो. सेन्सर मनगटाच्या जितका जवळ तितका कंस लहान. तरी खात्री केली. प्लायवर माऊस ठेवला, त्याच्या मागे पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली, पट्टीचे टोक टाचणीने खिळवले (टाचणी म्हणजे मनगट) आणि कंपासपेटीतला कोनमापक टाचणीशी लावला. वेगाप्रमाणे कर्सर कमीजास्त पळवणारी विंडोजमधली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही सोय बंद करून चित्रे काढायचा पेंट प्रोग्राम उघडला. टाचणी सेन्सरपासून 100 मिलिमीटरवर असताना 30 अंश फिरवले, तर कर्सर 1640 पिक्सेलच्या आसपास सरकला. टाचणी 85 वर आणली तर 1400 सुद्धा पुरे झाले नाहीत. माऊस तोच, कोन तोच, तरी जवळजवळ अडीचशे पिक्सेलचा फरक. लेक काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मग उपाय. ‘डीपीआय वाढवा’ हे सगळेच सांगतात. आम्ही 800 चे 950 केले. आडवा नेम बसला, पण वर-खाली माऊस जास्तच पळायला लागला, आणि मनगट उचलून पूर्ण हाताने गेममध्ये मागे वळायचे तर ती लक्ष्याच्या पुढे निघून जायची. कारण असे की पूर्ण हाताने किंवा बोटांनी माऊस सरळ सरकवला तर सेन्सर कुठेही असला तरी अंतर तेवढेच मोजले जाते. जागेचा परिणाम होतो तो फक्त मनगटावरच्या फिरण्यात. म्हणून एक आकडा वाढवून दोन्ही हालचाली एकदम दुरुस्त होत नाहीत. हे दुकानात कुणी सांगितले नाही.

शेवटी डीपीआय परत 800 वर आणला आणि पकड बदलली. तळवा माऊसवर पूर्ण टेकवायचा नाही, हात साधारण एक सेंटिमीटर मागे घेऊन बोटांच्या टोकांनी धरायचा, म्हणजे सेन्सर मनगटापासून तेवढाच दूर जातो. अंगठा रोज त्याच जागी पडावा म्हणून तिथे खरखरीत टेपचा तुकडा लावला. जमायला तीन आठवडे लागले. पाच मिलिमीटरची कसर अजून आहे, ती तिने सरावाने भरून काढली. माऊस हातात तिरका धरला जात असेल तर आडवी रेघही तिरकी उमटते, तेही पेंटमध्ये रेघ ओढून तपासावे.

माझी मागणी साधी आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 मुळे खोक्यावर किंमत, महिना, वर्ष, आयात करणाऱ्याचे नाव छापावे लागते. आमच्या खोक्यावर ते सगळे आहे. शिवाय डीपीआय, वजन, दिव्यांचे रंग मोठ्या अक्षरांत. सेन्सर पुढच्या कडेपासून किती मिलिमीटरवर आहे ते मात्र कुठेच नाही. कंपन्यांनी हा एक आकडा छापावा. तोवर दुकानदारांनी निदान एक नमुना उघडा ठेवावा आणि गिऱ्हाइकाला तो उलटा करून पट्टी लावू द्यावी.

‘गेमच तो, त्यात काय एवढे,’ असे काही जण म्हणतील. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणले, आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यासाठी पदके दिली गेली. क्रिकेटची बॅट घेताना आपण ती हातात तोलून बघतो, दुकानदारही बघू देतो. माझ्या लेकीने वर्षभर साठवलेल्या पैशांतून माऊस घेतला, आणि तिला तो सीलबंद खोक्यातच घ्यावा लागला.

आता ती परत संघात आहे. तिच्या दोन मैत्रिणी परवा आपापले माऊस घेऊन आमच्या घरी आल्या होत्या. एकीचा सेन्सर 51 वर निघाला, दुसरीचा 69 वर. दोघींचे आकडे मी स्टिकरवर लिहून माऊसच्या पोटाला चिकटवून दिले.

एक पालक,
सिडको, नाशिक