जर्मनीचा कांदा, आइसलँडचा बर्गर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छोट्या देशांत मोठ्या परदेशी कंपन्या का टिकत नाहीत, यावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मॅकडोनल्ड्सने आइसलँडमधून गाशा गुंडाळला ती हकीकत लेखकाने एका ओळीत उरकली आहे आणि कारण दिलंय ‘अत्यल्प लोकसंख्या’. हे कारण काही पटलं नाही. शिवाय त्या प्रकरणात कांदा आहे आणि मी कांदा पिकवतो, म्हणून हे पत्र.

लोकसंख्या अल्प आहे हे खरंच. २००९ साली अख्खा आइसलँड सव्वातीन लाखांच्या आत होता. आमचा एकटा निफाड तालुका त्याहून मोठा. पण १९९३ मध्ये राजधानी रेक्याविकला पहिलं दुकान उघडलं तेव्हा लोक आणखी कमी होते, तरी पुढे सोळा वर्षं धंदा चाललाच की. दुकानं बंद होणार हे जाहीर झाल्यावर शेवटच्या दिवसांत तर दारात रांगा लागल्या होत्या. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान बसलं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

बसलं ते मालापायी. मांस, चीज, भाजी, अगदी कागदी वेष्टनांपर्यंत बहुतेक सगळं जर्मनीहून यायचं. आइसलँडचं चलन क्रोना वधारलेलं होतं तोवर हे परवडत होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये ग्लिटनिर, लान्ड्सबांकी आणि काउप्थिंग या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात आडव्या झाल्या. वर्षाच्या सुरुवातीला नव्वदच्या आसपास क्रोनाला मिळणारा युरो पुढच्या वर्षी एकशे ऐंशीवर गेला. त्यात आपल्या शेतकऱ्याला जपायचं म्हणून बाहेरच्या शेतमालावर तिथे जबर जकात. तिथली मॅकडोनल्ड्सची दुकानं चालवणारा तेव्हा वार्ताहरांना म्हणाला होता की, जर्मनीहून आणलेल्या किलोभर कांद्याला एका चांगल्या व्हिस्कीच्या बाटलीएवढे पैसे पडतात.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले होते, ते आपल्या वाचकांना आठवत असेल. किलोला दीड रुपयासुद्धा नाही. त्या हंगामातल्या माझ्या पट्ट्या, म्हणजे कांदा विक्रीच्या पावत्या, मी अजून जपून ठेवल्या आहेत. हमाली, तोलाई आणि ट्रॅक्टरचं भाडं वजा जाता एका पट्टीवर खाली उरलेला आकडा इथे लिहायचीही लाज वाटते. तोच कांदा, एकीकडे मातीमोल आणि एकीकडे व्हिस्कीच्या मोलाचा. कांद्याचा यात काय दोष?

असो. हिशेब साधा होता. बिग मॅक ६५० क्रोनाला विकला जात होता. वाढलेला खर्च भरून चार पैसे सुटायचे तर तो ७८० ला विकावा लागला असता, म्हणजे स्वित्झर्लंड-नॉर्वेपेक्षाही महाग, तेही नुकतंच दिवाळं निघालेल्या देशात. ३१ ऑक्टोबर २००९ च्या मध्यरात्री तिन्ही दुकानं बंद झाली.

लेखकाने खरं तर इथून पुढे लिहायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याच जागी, त्याच चालकाने ‘मेट्रो’ नावाने बर्गरच विकायला सुरुवात केली. फरक एवढाच की, मांस आणि शक्य तो सगळा माल बेटावरचा. आइसलँडमध्ये गाईगुरं आहेत, दूधदुभतं आहे, ह्वेरागेर्दीसारख्या गावांत जमिनीतल्या गरम पाण्यावर काचघरं तापवून टोमॅटो, काकडी पिकवतात. म्हणजे माल गावात होता. अडचण होती ती कंपनीच्या ठरलेल्या पुरवठ्याची, कारण ती पाटी दारावर लावायची तर माल त्यांच्याच वाटेने आणायचा. पाटी उतरली तशी वाट मोकळी झाली.

तेव्हा ‘देश छोटा म्हणून कंपनी फसली’ हे अर्धवट झालं. त्याच बेटावर, त्याच पडझडीत केएफसी आणि डॉमिनोज टिकून राहिले. २०१७ मध्ये आलेल्या कॉस्टको या अमेरिकी घाऊक कंपनीच्या दुकानावर तर लोकांची झुंबड उडाली होती.

माझं म्हणणं सगळीकडे लागू पडतं असा मात्र दावा नाही. डंकिन डोनट्सने २०१५ मध्ये रेक्याविकच्या भर बाजारपेठेत, लॉगावेगुर रस्त्यावर दुकान थाटलं, पाच वर्षांत सोळा दुकानं काढू म्हणाले, आणि २०१९ उजाडेपर्यंत आवरतं घेतलं. तेव्हा क्रोना धडधाकट होता, पर्यटकांची तर रीघ लागली होती. तिथे माझा कांद्याचा हिशेब चालत नाही. हौसेची नवी वस्तू पहिल्या आठवड्यात खपते, पुढे खपतेच असं नाही, एवढंच फार तर म्हणता येईल.

जाता जाता दोन गोष्टी, ज्या लेखात आल्या असत्या तर मजा आली असती. १९९३ मध्ये तिथला पहिला बिग मॅक खाल्ला तो पंतप्रधान दाविद ओड्सन यांनी. क्रोना गडगडला तेव्हा मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरपदी हेच गृहस्थ होते. आणि दुसरी अशी की, दुकानं बंद होताना एकाने बर्गर आणि बटाट्याच्या फोडी विकत घेऊन तशाच ठेवून दिल्या. पुढे त्या दक्षिण आइसलँडमधल्या स्नोत्रा हाउस नावाच्या मुक्कामाच्या ठिकाणी काचेआड मांडल्या गेल्या. इतक्या वर्षांत बुरशीसुद्धा धरली नाही म्हणतात. माझ्या कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा दसऱ्याला कोंब धरतो.

आपला,
एक कांदा उत्पादक वाचक
विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक