उमेदवाराच्या चहाचा हिशोब घेता, मग स्ट्राँगरूमच्या मंडपाचाही द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मी एका छोट्या नगरपरिषदेच्या लेखा विभागात नोकरी करून रिटायर झालो. निवडणूक आली की गावात लोक कोण निवडून येणार यावर पैजा लावतात आणि मी आपला मनातल्या मनात बिलं मोजत बसतो, सवय आहे, जात नाही.

2 डिसेंबर 2025 ला नगरपरिषदांचं मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल म्हणून टेबलं, जाळ्या, मंडप सगळं तयार, आणि मतदानाच्याच दिवशी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की काही ठिकाणचं मतदान 20 तारखेला आहे तर सगळीकडची मोजणी एकदमच 21 ला करा. निर्णयाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, एका गावचा निकाल बघून दुसऱ्या गावाने मत द्यायचं हे बरोबर नाहीच. पण 3 तारखेला मोकळी व्हायची ती मशीनं आणखी 18 दिवस कुलपात राहिली ना. आता स्ट्राँगरूम म्हणजे आमच्याकडे काय असतं तर एक हॉल, खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं, दाराला लाखेचं सील, भाड्याचे सीसीटीव्ही, आणि बाहेर उमेदवारांच्या माणसांना पहारा द्यायला तंबू आणि स्क्रीन. लाइट जायला नको म्हणून जनरेटर, त्याचं डिझेल वेगळं. कॅमेऱ्याचं भाडं दिवसावर, तंबूचं पण दिवसावर. ओळखीचा मंडपवाला मला रस्त्यात गाठून म्हणतो, काका लग्नाचा सीझन आहे आणि माझे बांबू इथे अडकलेत, बिल कोण देणार?

कोण म्हणजे काय, आपणच. बऱ्याच लोकांना वाटतं निवडणूक म्हणजे सरकारी खर्च, वरून पैसे येत असतील. लोकसभेचा खर्च केंद्र करतं, विधानसभेचा राज्य, दोन्ही एकत्र आल्या तर निम्मा निम्मा. पण पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि बिलं पालिकेच्या फंडातून निघतात, म्हणजे तुमच्या आमच्या घरपट्टीतून.

मशीनचंही तसंच, लोकसभेचं मशीन उचललं आणि इथे लावलं असं होत नाही. आमच्याकडे एका मतदाराची तीन मतं, दोन नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष. महापालिकेत मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार, म्हणून तिथे पांढरी गुलाबी पिवळी निळी अशा रंगांच्या मतपत्रिका लावतात. एवढं करूनही आजीबाई एक बटण दाबून निघाल्या की मशीनचा लांब आवाज येत नाही आणि सगळा स्टाफ ‘आजी थांबा, अजून मत राहिलंय’ करत त्यांच्या मागे. उमेदवार वाढले की बटणांचं युनिट पण वाढतं. भारत निवडणूक आयोगाने 2023 च्या सुमाराला स्वतःच्या मशीनचे अंदाजे दर दिले होते, बटणांच्या युनिटचे 7,900, कंट्रोल युनिटचे 9,800 आणि व्हीव्हीपॅटचे, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणाऱ्या मशीनचे, 16,000, आणि मशीनचं आयुष्य 15 वर्षं. व्हीव्हीपॅट या निवडणुकांना नव्हतंच, राज्य निवडणूक आयोगाचं म्हणणं बहुसदस्यीय प्रभागात ते तांत्रिकदृष्ट्या जमत नाही. मला स्वतःला चिठ्ठी दिसलेली आवडेल. पण 40 बूथचं गाव धरलं तरी त्याच दराने नुसत्या व्हीव्हीपॅटचे 6 लाख 40 हजार होतात, राखीव वेगळे, तेव्हा उद्या जमलंच तर पावती कुणाच्या नावाने फाडणार हे आत्ताच ठरवा. आधीच लोकनियुक्त मंडळ नव्हतं म्हणून वित्त आयोगाचा निधी अडकून पालिकांचे हाल झालेत.

आणि माझा खरा राग वेगळाच आहे. उमेदवाराला आपण चहाचे, वडापावचे, खुर्चीचे, रिक्षाच्या भोंग्याचे दर ठरवून देतो, रोजचा हिशोब मागतो, निकालानंतर 30 दिवसांत पूर्ण खर्च दाखवायला लावतो, हे चांगलंच आहे. मग तीच निवडणूक घेणाऱ्या पालिकेचा खर्च बजेटमध्ये एकाच ओळीत का? ‘निवडणूक खर्च’, पुढे आकडा, संपलं. त्या एका ओळीत काय काय बसतं ते मी स्वतः बसवलेलं आहे, म्हणून सांगतो. मशीनच्या वाहतुकीचे ट्रक, कर्मचाऱ्यांचं मानधन, जेवणाची पाकिटं, व्हिडिओवाला, झेरॉक्स, आणि शेवटी ‘इतर’, जे कधीकधी सगळ्यात मोठं असतं. वेबकास्टिंग, सॉफ्टवेअर, ऑनलाइन अर्जाचे कॉम्प्युटर हे नवीन खर्च आले ते पण त्याच ओळीत गडप. चोरी होते असं मी म्हणत नाही, पण दिसतच नाही तर लोक मशीनवर संशय घेणार नाहीत तर काय करतील.

नवीन नगरसेवकांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत एवढं विचारावं, की 3 ते 21 डिसेंबरचं स्ट्राँगरूमचं बिल किती झालं, कुठल्या हेडमधून दिलं, आणि ते पालिकेच्या नोटीस बोर्डावर लावावं. मंडपवाल्याला पण सांगता येईल मला, परवा परत भेटला होता.

– एक निवृत्त लेखापाल