लांबच्या गाडीत जाड ऐतिहासिक कादंबरी न्या, आणि संपादक, तुम्ही नकाशा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला की सगळ्या पेपरांत प्रवासाला काय न्यायचं त्याच्या याद्या येतात, पॉवरबँक, मानेची उशी, डाऊनलोड करून ठेवलेल्या सिरीज, आणि एकदम शेवटी कुठंतरी "एखादं हलकंफुलकं पुस्तक". ह्या हलक्याफुलक्याला माझा विरोध आहे म्हणून हे पत्र. हलकं पुस्तक पुण्याच्या आत संपतंय, मग पुढचा दीड दिवस माणसानं काय करायचं, चार्जिंगच्या प्लगवरून समोरच्याशी भांडायचं? लांबच्या गाडीत ऐतिहासिक कादंबरीच न्यावी, चांगली जाडजूड, घोडदौडीची, लढाईची, गड पडतोय का राहतोय म्हणून जीव टांगणीला लावणारी. आणि वेळ जातो एवढंच कारण नाही बरं का.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. मुलगी दिल्लीकडं असते म्हणून तिकडं जाणं होतं, आमची गाडी म्हणजे गोवा एक्सप्रेस, वास्कोहून लोंडा, बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, ग्वाल्हेर करत निजामुद्दीनला जाणारी. दोन रात्री गाडीत जातात. विमानानं चल म्हणून मुलगी दरवेळी सांगते आणि आमचे हे पण आता तिच्याच बाजूनं बोलायला लागलेत, पण विमानात मधला मुलूख दिसतच नाही, आणि मला तो मुलूखच बघायचा असतो.

कारण असं आहे की घरात बसून ऐतिहासिक कादंबरी वाचताना आपल्याला अंतर कळतच नाही. "फौजा उत्तरेकडे निघाल्या" असं एक वाक्य येतं आणि पुढच्या प्रकरणात फौजा यमुनेच्या काठावर. मधलं सगळं आपण गिळून टाकतो. मी 'पानिपत' पहिल्यांदा घरी वाचलं होतं (विश्वास पाटलांचं, १९८८ चं, आता तुमच्या वाचकांना काय सांगायचं), तेव्हा सगळ्यांसारखीच मी पण भाऊसाहेबांवर चिडले होते, एवढा वेळ का लावला, यात्रेकरू, बायकापोरं, बाजारबुणगे कशाला नेले वगैरे. नंतर तेच पुस्तक गोवा एक्सप्रेसमध्ये साइड लोअरला बसून वाचलं आणि माझं डोकं जाग्यावर आलं. मार्च १७६० मध्ये भाऊ पडदूरहून निघाले, बऱ्हाणपूर झालं, हंडियाला नर्मदा ओलांडली, मेअखेर ग्वाल्हेर, जूनमध्ये चंबळ, आणि ऑगस्ट उजाडला तेव्हा कुठं दिल्ली हातात आली. आता आमची गाडी बघा, भुसावळ सोडलं की तापी लागते, मग बऱ्हाणपूर, खंडवा, मग हरदा, हंडिया तिथून जवळच आहे, मग इटारसी, नर्मदा. म्हणजे जवळपास त्याच वाटेनं आपण जातोय, एसी नसला तरी पंखा आहे, चहा येतोय, आणि तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कंबर धरते. ती माणसं हीच वाट भर उन्हाळ्यात तोफा ओढत, बैलांना वैरण शोधत गेली आणि पुढं पावसाळ्यात यमुना चढली म्हणून ह्या काठाला अडकून पडली. पुस्तकात रसद रसद म्हणून जो शब्द सारखा येतो ना, तो मला इटारसीच्या प्लॅटफॉर्मवर कळला, अख्खा डबा पुरीभाजीसाठी खाली उतरला होता आणि निम्म्यांना मिळालीच नाही. आता ह्याच्यावर एक लाख माणूस आणि जनावरं गुणून बघा.

ही एकच कादंबरी नाही, त्या रस्त्यावर सगळीकडं असलं पेरलेलंच आहे. मिरजेला गाडी बराच वेळ थांबते, तिथल्या किल्ल्याला १६६० च्या सुरुवातीला शिवाजीमहाराजांचा वेढा पडलेला होता, सिद्दी जौहर आला म्हणून तो सोडून महाराज पन्हाळ्यावर गेले आणि मग पुढचं ते पावनखिंडीपर्यंतचं सगळं. पुण्याच्या पुढं दौंडकडं जाताना थेऊर जवळून जातं. माधवराव पेशवे १७७२ मध्ये तिथंच वारले, सत्तावीस वर्षांचं वय, आणि त्यांच्यावर 'स्वामी' लिहिणारे रणजित देसाई आमच्या शेजारच्या कोवाडचे, बेळगावातून दुपारी निघालं तरी चहाला पोचता येईल एवढ्यावर. नगरला (आता अहिल्यानगर) चांदबिबी आठवते, मोगलांनी सुरुंग लावून तट फोडला तो तिनं रात्रीतनं बांधून काढला. मनमाडच्या अलीकडं अंकाई टंकाई हे जोडकिल्ले तर रुळाच्या इतके जवळ की डब्यातली पोरं खिडकीला चिकटतात, पण त्यांना कोण सांगणार हे काय आहे म्हणून, आईबाप मोबाइलमध्ये. ग्वाल्हेरचा किल्ला पण गाडीतनं दिसतो, उजेड असेल तर. चंबळ मात्र मी एकदाही धड बघितली नाही, ती येते तेव्हा डबा घोरत असतो.

आता एक वेगळाच मुद्दा. ह्या कादंबऱ्या गाडीत इतक्या बरोब्बर बसतात ह्याचं मला वाटतंय कारण म्हणजे ह्या जातीचं लिखाण जन्मलंच हप्त्याहप्त्यानं. फ्रेंच लेखक ड्युमाची ती तीन बंदुकधारी शिपायांची कादंबरी ('थ्री मस्केटीअर्स') १८४४ साली पॅरिसच्या एका पेपरात क्रमशः आली. आपल्याकडं हरि नारायण आपट्यांनी 'उषःकाल' १८९५ ते ९७ मध्ये आपल्याच 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः छापली. पुढच्या हप्त्यापर्यंत वाचक टिकला पाहिजे म्हणून प्रकरणाच्या शेवटी कोणतरी दार वाजवणार, कुणाचातरी घोडा अडखळणार, बुरख्यातला माणूस ओळखीचा निघणार, हे ठरलेलंच. गाडीत हे फार सोयीचं पडतंय, स्टेशन आलं, चहावाला आला, टीसी आला, कुणी बर्थ बदलून मागितला, पुस्तक मिटायचं आणि मनात धाकधूक चालू. चिंतनाच्या पुस्तकाचं तसं होत नाही, तिथं एकदा मिटलं की मिटलं.

आपट्यांचंच आणखी एक सांगायचं राहिलं. त्यांची 'वज्राघात' विजयनगरवर आहे, १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईवर. म्हणजे मराठी कादंबरीचा पाया घालणारा माणूस पुण्यात बसून कर्नाटकातल्या साम्राज्याची गोष्ट लिहीत होता, आणि आम्ही इथं सीमेवर राहून हंपीला फक्त फोटो काढायला जातो! कधी लोंड्याहून हावड्याच्या गाडीनं गेलात तर हुबळी, गदग, कोप्पळ करत होसपेटच्या अलीकडं तुंगभद्रा लागते, त्या बाजूला न्यायला ह्याच्यासारखं पुस्तक नाही. भाषा जुनी आहे, पल्लेदार वाक्यं आहेत, पहिली पन्नास पानं चिकाटीनं काढावी लागतील हे आधीच सांगते.

बेंगळूरला जाताना राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये हावेरीचे एक काका भेटले होते, त्यांच्या हातात त. रा. सुब्बरायांची 'दुर्गास्तमान', चित्रदुर्गच्या शेवटच्या मदकरी नायकावरची, १७७९ मध्ये हैदर अलीनं तो किल्ला घेतला त्याची. माझ्या हातात पावनखिंड. सुरुवातीला दोघंही एकमेकांच्या पुस्तकाकडं चोरून बघत होतो, मग त्यांनी विचारलं काय वाचालाय ओ एवढं, आणि मग काय, धारवाडपासून त्यांनी निम्मं कन्नड निम्मं हिंदी करत त्याच किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याच्या बायकोची, ओबव्वाची गोष्ट सांगितली, तटाच्या भोकातनं एकेक शिपाई आत घुसत होता आणि ती मुसळ घेऊन भोकाशी उभी. मी त्यांना शिवा काशिदांचं सांगितलं, महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसले आणि मारले गेले ते. काका गप्प झाले. मग त्यांनी एकच विचारलं, पन्हाळ्याहून विशाळगड किती लांब, आणि वाट कुठल्या बाजूनं. आणि पुस्तकात नकाशा नव्हता! शेवटी वेफर्सच्या पाकिटाबरोबर आलेल्या कागदी पिशवीवर मी कशीबशी वाट काढून दाखवली, साठेक किलोमीटर, जंगलातनं, आषाढातल्या पावसात, रात्रभर. काका म्हणाले मग ह्याच्यात मारामारीपेक्षा चालणंच मोठं आहे की. मला तर हे कुठल्या परीक्षणात वाचायला मिळालं नव्हतं.

म्हणून माझी खरी तक्रार प्रकाशकांकडं आहे. आठशे पानं छापता, मुखपृष्ठावर उधळलेला घोडा आणि केशरी आभाळ, आत अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश, आवृत्त्यांची यादी, आणि एक साधा नकाशा घालायला काय होतंय? बहुतेक मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांत तो नसतो. नकाशा नसला की लेखकालाही रान मोकळं मिळतं, मग नायक एका रात्रीत शंभर कोस दौडतो, सकाळी आंघोळ करून दरबारात हजर, आणि त्या घोड्याला पाणी कुणी दाखवलं ह्याचा पत्ता नाही. बायका वाड्यात निरांजन लावून वाट बघत बसलेल्या. असली कादंबरी मी दौंडच्या आत मिटून बॅगेत टाकते.

आणि हो, कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या जवळच नेसरी आहे, गडहिंग्लज तालुक्यात, २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा स्वार घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ती जागा. त्या सहा जणांची म्हणून जी नावं आपण घेतो ती त्या काळच्या कागदांत सापडत नाहीत. पण नावं सापडत नाहीत म्हणून ती खिंड खोटी होत नाही. कादंबरीकारानं सहा माणसं रंगवावीत, घरदार द्यावं, स्वभाव द्यावा, त्याचं ते कामच आहे, फक्त शेवटी एका पानावर सांगून टाकावं की खरं किती आणि माझं किती. वाचक एवढा बावळट नसतो.

एक सूचना नव्या वाचकांना, संभाजीराजांचा शेवट डब्यात वाचू नका. मला रडताना बघून समोरच्या बर्थवरची बाई घाबरून आमच्या ह्यांना विचारायला लागली की घरी काय वाईट झालंय का.

आता तुमच्याकडं मागणी. तुमचा पेपर बेळगावातही येतो आणि चंदगड गडहिंग्लजातही, त्यामुळं हे तुम्हीच करू शकता. रविवारच्या पुरवणीत राशीभविष्याशेजारी जी निम्म्या पानाची जाहिरात नसलेली जागा कधीमधी उरते तिथं पुन्हा क्रमशः कादंबरी सुरू करा, आणि ती आमच्या मुलखातली असू द्या. पुण्याचं, साताऱ्याचं पुष्कळ झालं. इथं काय कमी आहे का? १८२४ मध्ये कित्तूरला राणी चन्नम्माच्या लोकांनी धारवाडच्या कलेक्टर थॅकरेला मारलं, ती पुढं बैलहोंगलच्या कैदेत गेली. तिच्याच फौजेतल्या संगोळी रायण्णानं नंतर खानापूर नंदगडच्या रानातनं इंग्रजांना पळवलं आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडलाच त्याला फाशी दिलं, आमच्या घरापासून दुचाकीवर जाऊन यावं एवढ्यावर, तरी मराठीत त्याच्यावर दणकट कादंबरी माझ्या पाहण्यात नाही. तो कन्नड म्हणून आपला नाही असं कुणी म्हणणार असेल तर त्यांनी एकदा नंदगडला जावं आणि त्याच्या समाधीवरच्या वडाखाली मराठी माणसं नारळ फोडताना बघावीत. चंदगडकडं पारगड आहे, तानाजीच्या रायबाला महाराजांनी जिथला किल्लेदार केला तो, गडावर मालुसऱ्यांची घरं आजही आहेत. लिहिणारी पोरं आमच्या भागात आहेत, कॉलेजच्या अंकात लिहितात आणि मग नोकरीला पुण्याला जातात, त्यांना एक हप्ता देऊन बघा, मानधन दिलंत तर उत्तमच.

प्रत्येक हप्त्याबरोबर नकाशा पाहिजे. चार बोटांएवढा चालेल, पण त्यात नदी, घाट आणि आजचं जवळचं रेल्वे स्टेशन दाखवा. आणि टाइप जरा मोठा ठेवा, देसूर ते लोंडा गाडी फार हलते.

आपली,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव