बॅग शिवून झाली, आई

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. खोकला गेला. झोप होते. फोनवर आवाज ओढलेला वाटला म्हणालात, तो कामावरून थेट बोलत होते म्हणून. बाकी माझं रोजचं तुम्हाला माहीतच आहे, ते परत लिहीत नाही.

आई, बॅग शिवून झाली. तू विचारलंस, विकत का घेतली नाहीस, पैशांची ओढाताण आहे का? अजिबात नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर हातांना काम हवं होतं, आणि शेजारच्या बाईंचं मशीन रिकामं पडून होतं, एवढंच कारण. सुई मोडली हे तुला सांगायलाच नको होतं. डोळ्याला काही झालं नाही, मी चष्मा लावूनच बसते. जाड कॅनव्हासच्या चार थरांवर मी साधी 11 नंबरची सुई चालवत होते, म्हणून मोडली. आता 16 नंबरची घातली आहे आणि जाड जागा आली की पायडलवरचा पाय काढून चाक हाताने फिरवते.

पहिली बॅग मात्र पार चुकली. त्याचं कारण नीट सांगते, कारण तुला ते पटणारच नाही. इथे बॅगेचासुद्धा कागदी नमुना विकत मिळतो. एकाच मोठ्या कागदावर सगळ्या मापांच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या असतात, आपल्याला हवी ती रेघ पातळ कागदावर उतरवून घ्यायची. ते मी केलं. पण ती रेघ कापायची नसते, शिवायची असते! शिलाईसाठी लागणारं कापड नमुन्यात धरलेलंच नसतं. ज्याने त्याने आपल्या कापडाप्रमाणे रेघेबाहेर एक-दीड सेंटीमीटर सोडून कापायचं, आणि हे सगळ्यांना ठाऊकच असतं म्हणून कागदावर कुठे ठळक लिहिलेलंही नव्हतं. मी शेजारच्या बाईंना विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, शिवायची रेघ समोर असली की दोन तुकडे बरोबर जुळतात, आणि उसवणाऱ्या कापडाला जास्त, पातळ कापडाला कमी असं आपल्या मर्जीने सोडता येतं. मला तू आठवलीस. खडूने आखतानाच तू ते धरून आखतेस आणि वर बोटभर जास्त सोडतेस, पुढे सैल करायला.

मी रेघेवरच कात्री लावली. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर शिलाईत गेलं, 50 ची बॅग 47 ची झाली आणि आणलेली चेन तीन सेंटीमीटर बाहेर लोंबत राहिली. तळाचे कोपरेही चुकले. बॅगेला 20 ची जाडी हवी तर कोपऱ्यातून 10 चा चौकोन कापायचा असतो, कारण पुढचा आणि मागचा भाग मिळून 20 होतात. मी 20 चाच कापला. तळ बघून रडू आलं, खरं सांगते.

तरी ती बॅग वापरायला काढली, आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात पट्टा हातात आला. नंतर दिव्याखाली धरून बघितलं तर टीप जशीच्या तशी होती, दोरा कुठेही तुटलेला नव्हता. टिपेच्या कडेने कापड फाटलं होतं. सगळं वजन एका थरावरच्या दोन बोटं जागेवर येत होतं.

म्हणून दुसऱ्या बॅगेला पट्टा वरून टाचलाच नाही. तो तळाखालून पूर्ण फिरवून आणला, म्हणजे वजन टिपेवर न येता पट्ट्यावर येतं. जोडाच्या जागी आतून कॅनव्हासचा तुकडा लावला आणि चौकोनी टीप घालून मध्ये फुली मारली. कापड आधी धुऊन घेतलं, अडीच मीटरचं बोटभर आटलंच. घड्या तुझ्यासारख्या नखाने दाबून बसवल्या. विमानात जवळ ठेवायच्या बॅगेसाठी तिकिटावर 55 बाय 40 बाय 23 सेंटीमीटर आणि 8 किलो लिहिलं आहे. भरल्यावर कापड फुगतं, म्हणून मी 50 बाय 36 बाय 20 ची केली. आठ किलो पुस्तकं भरून रात्रभर खुंटीला टांगून ठेवली. सकाळी पट्टा होता तिथेच होता.

आता तिकिटाचं. रजा दहाच दिवसांची मिळाली. चिऊच्या लग्नाच्या दोन दिवस आधी पोचेन, त्याआधी नाही जमत. बाबा, मी खूप विनवून बघितलं, हे खरं आहे. तयारीची सगळी धावपळ तुमच्यावर पडते आहे, मला कळतं. माझ्या स्थळाचं आत्ता कोणाशी बोलू नका, आधी तिचं नीट पार पडू दे.

पैसे सोमवारी पाठवले. नेहमीपेक्षा जास्त आहेत, पण ते कर्जाच्या हप्त्यात घालू नका. आई, माझ्या फीच्या वेळी तू मशीन विकलंस आणि म्हणालीस की पाय दुखतात, आता शिवणार नाही. मी तेव्हा ते मानून घेतलं. त्या पैशांचं मशीन घ्यायचं, मोटर लावलेलं.

तिसरी बॅग चिऊसाठी बेतली आहे, लग्नानंतर प्रवासाला जातील तेव्हा होईल. तिला सांग, खांद्यापासून कमरेपर्यंत टेपने मोजून माप कळव. पट्टा अजून कापलेला नाही.

तुमची,
मनू