पुढचं चाक चढवताना

सातपूर, नाशिक

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचे पॅड स्वतः बदललेस, त्यासाठी पुढचं चाकही उतरवलंस, असं आईकडून कळलं. शाब्बास. पण चाक अजून खालीच आहे आणि शनिवारी याच गाडीवर पुण्याहून इकडे यायचं म्हणतेस, म्हणून लगोलग लिहितोय. जोर सगळेच लावतात. चुकतो तो क्रम.

एक्सल, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा, फडक्याने पुसून टाइलवर लोळवून बघ. डुगडुगला तर वाकलाय. ठोकून सरळ करायचा नाही, नवा घ्यायचा. बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरव. खरखर लागली तर बेअरिंग आत्ताच बदल, चाक पुन्हा उतरवायचं कशाला? एक्सलला आणि ऑइल सीलच्या कडेला ग्रीसचा पातळ हात दे. तो हात पुसल्याशिवाय डिस्कला लावू नकोस. पॅडने एकदा ग्रीस प्यायलं की तो बाद.

तुझ्या गाडीचा स्पीडोमीटर केबलचा आहे. हबवर बसणाऱ्या त्याच्या गरारीच्या डबीचे दोन कान हबच्या खाचेत गेले की डबी सपाट बसते. ती उचललेली असताना नट आवळलास तर कान चेपतात आणि काटा शून्यावरून हलत नाही. डबीच्या बाहेरची खाच शॉकअपच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या पुढच्या नळीच्या, आडव्या खुंटीला टेकली पाहिजे, नाहीतर चाकाबरोबर डबी फिरून केबल पिळवटते. दुसऱ्या बाजूचा बुश, म्हणजे एक्सलवर चढणारी अंतर राखणारी नळी, विसरू नकोस. तो राहिला तर डिस्क कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या, मध्यात येत नाही.

चाक खाली असताना कुणी ब्रेक दाबला असेल तर पॅड जवळ आले असतील. पॅड ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन हाताने हळूहळू मागे ढकल, पण त्याआधी हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर टाक. काठोकाठ भरलेली असेल तर ब्रेक ऑइल टाकीवर ओघळतं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओत.

चाक थोडं उचलून धर, म्हणजे एक्सल हाताने सरकतो. हातोडी घ्यावीशी वाटली की समज, भोकं एका रेषेत नाहीत. आता नट आवळायचा. किती जोराने आवळायचा तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घे. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, मिळाला नाही तर अंदाजासाठी सांगतो: फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला 20 किलोचा जोर दिला की साधारण 60 न्यूटन-मीटर होतात. पान्याला पाइप लावून लटकू नकोस, आटे जातात. नट सुटू नये म्हणून त्याला आरपार स्प्लिट पिन असेल तर ती नवी घाल. भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळ, जुळवण्यासाठी सैल करू नकोस.

शॉकअपच्या तळाशी एक्सलला चिमटून धरणारा पिंच बोल्ट मात्र अजून सैलच ठेव. घाईत हाच आधी आवळला जातो. कॅलिपर बसव, त्याचे बोल्ट आवळ आणि ब्रेक दाबत राहा. पहिल्या दाबाला लिव्हर थेट मुठीला टेकेल. पिस्टन पॅडपर्यंत आले की तो कडक होतो. तो कडक झाल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, पार्किंगमध्ये फिरवून बघायलासुद्धा नाही. मग गाडी स्टँडवरून उतरव, पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा जोरात खाली दाब. सैल बाजूचा शॉकअप एक्सलवर सरकून आपली जागा घेतो. त्यानंतर पिंच बोल्ट. आधीच आवळला असता तर दोन्ही शॉकअप आत ओढले जाऊन अडकत चालतात, सील लवकर झिजतं आणि तेल गळू लागतं.

स्टँडवर लावून चाक फिरव. पॅड हलके घासल्याचा आवाज चालेल. अर्ध्या फेरीत थांबलं तर कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिना कोरड्या आहेत का बघ. तिथे सिलिकॉन ग्रीस लागतं, साधं नाही.

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाहीत. शनिवारच्या आधी मोकळ्या रस्त्यावर 40 च्या वेगावरून 10 पर्यंत वीस-एक वेळा हळू ब्रेक मार, मध्ये डिस्क थंड होऊ दे. चंदनापुरी घाटात पॅड बसवण्याचा प्रयोग नको. मंचरला चहाला थांबशील तेव्हा एक्सलच्या नटाला आणि कॅलिपरच्या बोल्टांना एकदा पाना लावून बघ.

जुने पॅड फेकू नकोस, सोबत आण. दोघांत एक जास्त झिजलेला असेल तर कॅलिपर नीट सरकत नाही, तो इथे उघडून साफ करू. आईने वांगी आणून ठेवली आहेत.

तुझे बाबा